गावाकडे पाठ करून

१

दर रविवारी पहाटे साडेपाचला ही वरात निघायची. स्कूटरवर पुढे वहिनी, मागे ठकी आणि दोघींच्या मध्ये उभी धरलेली खिडकीएवढी लाकडी चौकट. कोपऱ्यावरचा दूधवाला हमखास हटकायचा, "काय वहिनी, आज कुणाची खिडकी पळवली?"

"तुझीच. घरी जाऊन बघ, वारा येतोय का," असं काहीतरी ठोकून देऊन वहिनी स्कूटर दामटायची आणि मागे ठकी इतकी हसायची की चौकट डुगडुगायची.

वहिनी ही सगळ्या गावाची वहिनी. विजेच्या मोटरी रिवाइंड करण्याचं तिचं दुकान होतं. जळालेला पंप तिच्या टेबलावर यायचा, त्याच्या पोटातली काळीठिक्कर तार ती उपसून काढायची, नवी भरायची आणि चौथ्या दिवशी पंप गुणगुणत घरी जायचा. अठ्ठावन्नाव्या वर्षीही तिचा हात कापत नव्हता. ठकी तिची धाकटी नणंद, शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं टाइपरायटर बडवून नुकतीच निवृत्त झालेली. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. वहिनीचा नवरा, म्हणजे ठकीचा दादा, नऊ वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून घरात या दोघीच. आता नणंद-भावजय एकमेकींच्या झिंज्या उपटतील म्हणून शेजारीपाजारी कान लावून बसले होते. त्यांना ऐकू आलं ते फक्त हसणं, आणि तेही वेळीअवेळी.

चौकटीवर वहिनीने दुकानातली उरलीसुरली तांब्याची तार शेकडो वेढे देऊन गुंडाळली होती. तारेची टोकं एका छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला, आणि तिथून निघालेले दोन हेडफोन. बस्स, एवढाच तो रेडिओ. त्याच्यावर ना गाणी, ना बातम्या. माणसांचे रेडिओ जिथे सुरू होतात त्याच्या कितीतरी खाली, अगदी तळाशी, पृथ्वी स्वतःशी जे पुटपुटते ते त्यावर ऐकू यायचं. कुठेतरी हजारो कोसांवर वीज पडली की इथे कानात तडतड. त्यातली एखादी तडतड आकाशात पार लांबवर जाऊन परत यायची, ती ताणली जाऊन, वरून खाली घसरत येणारी शिट्टी होऊन. आणि दिवस उगवताना, नशीब असेल तर, हजार पाखरांचा चिवचिवाट. आसपास एकही पाखरू नसताना. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा दोघी खडकावर बसून लहान मुलींसारख्या टाळ्या पिटत होत्या.

अडचण एकच होती. गावात विजेच्या तारांची गुंई इतकी की बाकी काही ऐकूच येत नाही. म्हणून तारांपासून दूर जायचं, गावाकडे पाठ करायची आणि ऐकायचं. ठकी वहीत नोंदी करायची. पाच पन्नास, शिट्टी, लांब. पाच बावन्न, दोन शिट्ट्या, दुसरी भित्री. 'भित्री' शास्त्रात बसत नाही, असं वहिनी म्हणायची. ठकी म्हणायची, "शास्त्राला सांग, ठकीने लिहिलंय."

त्या रविवारी जुन्या दगडखाणीच्या काठावर ठकीचं वहीत लक्ष नव्हतं. चार आठवड्यांनी तिचं लग्न होतं. हो, चौपन्नाव्या वर्षी. दर शनिवारी दुसऱ्या गावाहून येऊन डोळे तपासणाऱ्या चष्मेवाल्यांशी. एका वर्षात ठकीच्या चष्म्याचा नंबर तीनदा बदलला, तेव्हाच वहिनी काय ते समजली होती.

"वहिनी," ठकी एकदम म्हणाली, "सपाता घालून आलीस का तू?"

"खाणीवर सपाता कोण घालेल? बूट आहेत पायात."

"मग हे कोण चालतंय?"

वहिनीने डोळे मिटून कान दिला. तडतडीच्या खाली, अगदी हलका, फरशीवरून सपाता घासत चालल्यासारखा आवाज होता. खर्र. खर्र. खर्र. अकरा वेळा. मग शांतता, मग पुन्हा अकरा. तिने हेडफोन काढले. खाणीत वारासुद्धा नव्हता. हेडफोनमध्ये जे येतं ते हवेतून येत नाही, तारेतून येतं. पावलांच्या आवाजाला त्यात शिरायला जागाच नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"कुणीतरी कुंपणात करंट सोडला असेल," ती म्हणाली. "लिही, कुंपण."

ठकीने लिहिलं. सहा दहा. कुंपण. चालतंय.

२

पण कुंपणाचा आवाज घड्याळासारखा असतो. अकरा झाले म्हणून तो दम खात नाही. हे वहिनीच्या डोक्यात आलं ते दुकानात, एका मोटरची तार भरताना, आणि तिचे वेढे मोजायचे चुकले. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

आवाजाचं मूळ शोधायची युक्ती तशी सोपी. चौकट हळूहळू फिरवायची. एका जागी आवाज एकदम मरतो. तेव्हा चौकटीचं तोंड जिकडे असेल त्या रेघेवर कुठेतरी त्याचं घर. दोन-तीन ठिकाणांहून अशा रेघा घेतल्या की त्या एकमेकींना छेदतात तिथे जाऊन दार ठोठावायचं. दोघींनी पूर्वी याच युक्तीने एका पोल्ट्रीवाल्याचा खराब दिवा पकडला होता आणि बदल्यात डझनभर अंडी मिळवली होती.

पुढच्या दहा दिवसांत वहिनीने तीन ठिकाणं गाठली. दगडखाण, गावाच्या दुसऱ्या अंगाची पाण्याची टाकी आणि पार तिसरीकडची बंद वीटभट्टी. तिन्हीकडे गावाकडे पाठ, समोर मोकळं रान, आणि तिन्हीकडे त्या सपाता. कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. होकायंत्र लावून तिने दिशा घेतल्या आणि घरी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून रेघा मारल्या. तिन्ही रेघा पंख्याच्या पात्यांसारख्या तीन वाटांना निघून गेल्या.

"भेटतच नाहीत मेल्या," ती वैतागली.

शनिवार होता, म्हणून चष्मेवाले चहाला आले होते. मनुष्य इतका मऊ की साखर हवी असली तरी आधी खोकायचा. त्यांनी नकाशाकडे बघितलं, चष्मा पुसला, खोकले.

"मी बोलू का?" ते म्हणाले. "आमच्या काही भिंगांचं असंच असतं. किरणं पुढे पसरत जातात, कधी भेटायची नाहीत. मग आम्ही पुढे बघतच नाही. मागे वाढवतो."

त्यांनी पट्टी घेतली आणि वहिनीच्या रेघा खाणीपासून, टाकीपासून, भट्टीपासून उलट्या दिशेने ओढल्या. गावाच्या आत, बाजार ओलांडून, शाळा ओलांडून. तिन्ही रेघा एका ठिपक्यावर आल्या.

"हे बघा. भेटतात तिथे ती वस्तू दिसते."

"दिसते म्हणजे असते ना?" ठकीने विचारलं.

"छे. असते असं नाही. दिसते फक्त."

ठिपका त्यांच्या गल्लीत होता. त्यांच्याच घरावर. ठकीला जे हसू फुटलं ते आवरेना. "म्हणजे आपण सगळं रान पालथं घातलं ते आपल्याच फ्रिजसाठी!" ती ओरडली. चष्मेवाल्यांनाही ठसका लागला. वहिनीही हसली, कारण चूक खरोखरच हसण्यासारखी होती. चौकटीला तोंड आणि पाठ सारखीच, रेघ कळते पण रेघेचं कुठलं टोक ते कळत नाही, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण गावाकडे पाठ करायची सवय इतकी अंगात मुरलेली की मागे बघायचं तिला सुचलंच नाही.

फक्त एक गोष्ट तिने बोलून दाखवली नाही. फ्रिजचा आवाज पाच किलोमीटरवरच्या खाणीत पोचत नाही. तिने चहाचा शेवटचा गार घोट घेतला.

३

बुधवारी दुपारी दुरुस्तीसाठी आख्ख्या भागाची वीज तीन तास बंद राहणार होती. ठकी चष्मेवाल्यांबरोबर कपडे खरेदीला गेली होती. वहिनीने दुकान लवकर बंद केलं, घरी आली आणि भिंतीवरची चौकट काढली.

घर सरळ आणि लांबट होतं. पुढे बाहेरची खोली, मागे स्वयंपाकघर, मध्ये अरुंद बोळ. बोळाच्या एका बाजूला ठकीची खोली, दुसऱ्या बाजूला वहिनीची. स्वच्छ ऊन पडलं होतं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते बोळाच्या अर्ध्यापर्यंत आलं होतं. वहिनी बोळात स्टूल टाकून बसली, चौकट मांडीवर घेतली आणि हेडफोन लावले. फ्रिज बंद, पंखे बंद, कुठेच गुंई नाही. गावाच्या पोटात बसून ती पहिल्यांदाच शांतता ऐकत होती, आणि तिला त्याचीही गंमत वाटली.

मग स्वयंपाकघरातून खर्र.

इथे तो आवाज हलका नव्हता. तिने चौकट फिरवली. ओट्याच्या दिशेला आवाज मेला. ती मनाशी म्हणाली, सापडलं, आणि तेवढ्यात तो पुन्हा आला, कारण दिशा बदलली होती. तिने चौकट किंचित वळवली. मेला. पुन्हा आला. पुन्हा वळवली. तीन-चार वेळा असं झाल्यावर तिच्या लक्षात आलं की मूळ चालतंय आणि आपण त्याच्या मागे चौकट फिरवतोय. आता चौकटीचं तोंड समोरच्या भिंतीकडे होतं. भिंत हातभर अंतरावर. मध्ये फक्त ऊन, आणि उन्हात तरंगणारे धुळीचे कण. कण जागचे हलले नाहीत. पण कुणाला वाट द्यावी तसे वहिनीने पाय आखडून घेतले, आणि आपण हे का केलं ते तिलाच कळेना.

आवाज तिच्यासमोरून गेला, बाहेरच्या खोलीत गेला आणि पुढच्या दाराशी थांबला. अकरा.

तिने स्वतःला समजावलं. एखादा जोड सैल असेल. तारेत ओल शिरली असेल. आपल्याच छातीचे ठोके असतील. तिने मनगट धरून नाडी मोजली. नाडी धावत होती. सपाता उभ्या होत्या.

एवढ्यात दारात किल्ली फिरली आणि पिशव्यांनी लदलेली ठकी आत आली. "वहिनी, बघ हा रंग! ते म्हणतात जांभळा, मी म्हणते वांगी कलर. डोळ्यांचा डॉक्टर कोण, ते की मी?" ती बडबडत बोळातून आपल्या खोलीकडे निघाली. तिच्या पायांत बूट होते, टकटक करणारे. आणि हेडफोनमध्ये, प्रत्येक टकटकीच्या किंचित मागे, सपाता तिच्यामागोमाग चालल्या होत्या. घाई न करता. लेकराच्या मागे फिरावं तशा.

"काय ऐकतेस?" ठकीने खोलीतून विचारलं.

"फ्रिज."

"अगं, वीज नाहीये ना."

"तेच. बंद फ्रिज कसा वाजतो ते बघत होते."

ठकी खो खो हसली. वहिनीने हेडफोन काढले. घरात आता नुसतं तेच हसणं होतं.

४

सव्विसाव्या वर्षी ठकीला एक चांगलं स्थळ आलं होतं. आईने अंथरूण धरलं म्हणून ती नाही म्हणाली. तो माणूस दोन वर्षं थांबला, मग कुठेतरी निघून गेला. आई गेली, पुढे दादा आजारी पडला, आणि ठकीने पुन्हा कुणाकडे मान वर करून बघितलं नाही. या सगळ्याबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नाही, आणि म्हणूनच वहिनीला ते विसरता येत नव्हतं. आता घरात काहीतरी फिरतंय असं एका शब्दाने कळलं असतं, तर ठकीने बॅग उघडून कपडे पुन्हा कपाटात लावले असते. हसतच लावले असते.

आणि ते ठकीच्याच मागे फिरत होतं. तिच्याबरोबर निघालं तर? वहिनीला भीती वाटत होती, स्वतःच्या घरात, भर दुपारी, आणि त्या भीतीची लाजही वाटत होती.

लग्नाच्या तीन दिवस आधी ठकी चष्मेवाल्यांना फोन करायला गच्चीवर गेली, तेव्हा वहिनी हेडफोन लावून बोळात उभी राहिली. गुंईच्या आडून सपाता ऐकू येत होत्या, ठकीच्या दाराशी.

"तिला जाऊ दे," वहिनी हळूच म्हणाली. आपण कुणाला म्हणतोय ते माहीत नसल्यामुळे तिचा आवाज चमत्कारिक झाला. "तिने खूप केलंय सगळ्यांचं. तुला कुणीतरी हवंच असेल तर मी आहे की."

सपाता थांबल्या. त्या दिवशी पुन्हा वाजल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. कानात नुसती गुंई. वहिनी इतकी खूश झाली की दूधवाल्याला तिने आपण होऊन सांगितलं, "तुझी खिडकी परत आणून लावली हो."

लग्नाच्या आदल्या दिवशी ठकी बॅगेवर बसून ती बंद करत होती. मधेच उठली आणि म्हणाली, "वहिनी, मी महिनाभर पुढे ढकलते लग्न."

"ढकल की. चष्मेवाल्यांचे डोळे जातील वाट बघून. मग तूच तपासत बस."

"थट्टा नको. तू एकटी कशी राहशील?"

"एकटी कुठे? गावभर दीर आहेत मला. दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत."

ठकी हसली आणि हसता हसता रडायला लागली. वहिनीने तिला जवळ घेतलं. तिच्या पाठीवर थोपटताना वहिनीची नजर बोळात गेली. बोळ रिकामा होता. ती मनात म्हणाली, रिकामाच आहे, आणि ठकीच्या बॅगेचं बक्कल दाबून लावलं.

५

लग्न नोंदणी कचेरीत झालं. फोटोसाठी चष्मेवाल्यांनी चष्मा काढला आणि तसेच सही करायला बसले, ती साक्षीदाराच्या रकान्यात केली. कारकुनाने कपाळावर हात मारला. ठकी म्हणाली, "बघा, स्वतःच्याच लग्नाला साक्षीदार म्हणून आलेत," आणि आख्खी कचेरी हसली. नवा कागद आला, नव्या सह्या झाल्या. वहिनीने खऱ्या साक्षीदाराच्या जागी सही केली, मोठ्या ठसठशीत अक्षरात.

दुपारी तीनला गाडी घरासमोरून निघाली. चार तासांचा रस्ता होता. वहिनी दारात उभी राहून हात हलवत राहिली. हात भरून आला तसा तिने खाली घेतला, आणि गाडी वळणाआड गेल्यावर आत आली. तिला वाटलं होतं आपण आता रडू. पण आतून आनंदच वर आला, एक मोठं काम हातावेगळं झाल्याचा आनंद. घर शांत होतं. तिने दुकानात जाऊन एक मोटर तपासली, परत आली, खिचडी टाकावी की नुसती पोळी खावी यावर विचार केला आणि सकाळची भांडी घासायला घेतली.

सातला फोन वाजला. हात फेसाने भरलेले, म्हणून तिने कोपराने फोन डब्याला टेकवला आणि स्पीकर लावला.

"पोचलो!" ठकीचा आवाज स्वयंपाकघरभर झाला. "घर छान आहे गं. सगळीकडे चष्मे. न्हाणीघरातसुद्धा दोन."

"जेवलीस?"

"जेवतोय आत्ता. आणि ऐक, मी गाडीत रडायचं ठरवूनच बसले होते. पण वळणावर मागे बघितलं आणि इतकं बरं वाटलं मला! आधी का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं?"

"तुझ्याकडे कुणी राहायला आलंय ते. दारात तुझ्या मागे उभ्या होत्या ना त्या. तू हात खाली घेतलास तरी त्या हलवतच होत्या. अगदी वळणापर्यंत. कोण गं?"

वहिनीचे हात पाण्यात तसेच राहिले.

कुणी नव्हतं, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्दसुद्धा लागले नसते. पण ते म्हटलं की तिकडे ताट बाजूला होणार, बॅग उचलली जाणार, चष्मेवाले बिचारे न जेवता गाडी काढणार, आणि उजाडायच्या आत ठकी या घरात परत. मग ती पुन्हा कधी जायची नाही. वहिनीने नळ बंद केला.

"आहेत एक ओळखीच्या," ती म्हणाली.

"राहणार आहेत?"

"राहतील."

"किती दिवस?"

"त्यांची मर्जी."

"वा! मी स्पीकरवर आहे ना? मग ऐकू जात असेल त्यांना." ठकीने शाळेच्या ऑफिसातला ठेवणीतला आवाज काढला. "अहो, ऐकलंत का! आमच्या वहिनीला एकटीला सोडायचं नाही हं! ती बोलून दाखवत नाही, पण तिला सोबत लागते!"

ठकी उत्तराची वाट बघत थांबली. वहिनी ओट्याकडे तोंड करून उभी होती. नळाचा एक थेंब पडला, मग दुसरा. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. याखेरीज तिला काहीही ऐकू आलं नाही.

"किती गोड आवाज आहे गं त्यांचा!" ठकी खुशीत म्हणाली. "हो म्हणाल्या. आता मी निर्धास्त झाले बघ."

"हो," वहिनी म्हणाली. "तू सुखात राहा."

ते तिने अगदी मनापासून म्हटलं. तिकडे ताटं वाजत होती, चष्मेवाले खोकून काहीतरी मागत होते, ठकी त्यांना चिडवत होती. फोन बंद होईपर्यंत वहिनी ते सगळं ऐकत राहिली. मग तिने ओले हात पुसले आणि मागे वळली.